वाव कोण देतो?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागण्यास आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मृत नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून परिसरात आधीच पसरली होती. या हत्याकांडानंतर दोन निदाने पुढे आली. कोणी यंत्राला दोष दिला, कोणी जनतेच्या अडाणीपणाला. दोन्ही निदाने सोयीची आहेत आणि म्हणूनच अपुरी आहेत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांची एक संकल्पना येथे उपयोगी पडते. आपल्या १९७९ च्या ग्रंथात त्यांनी तिचे सविस्तर विवेचन केले आहे. परिसर प्राण्याला कृतीच्या ज्या शक्यता देऊ करतो, त्यांना त्यांनी ‘अफोर्डन्स’ म्हटले. मराठीतील ‘वाव’ हा शब्द त्याच्या जवळ जातो. गावची विहीर पोहणाऱ्याला डुंबण्यास वाव देते. न पोहणाऱ्याला तीच बुडविते. अर्थात वाव हा वस्तू आणि माणूस यांच्या संबंधात असतो; दोहोंपैकी एकाकडेच बोट दाखवून तो कळत नाही.

आता संदेश पुढे धाडण्याची सोय पाहावी. एका स्पर्शासरशी मजकूर शेकडो लोकांपर्यंत जातो. त्याचा मूळ कर्ता दिसत नाही. पाठविणारा मात्र सोयरा किंवा शेजारी असतो. त्यामुळे निनावी अफवेला ओळखीच्या माणसाची पत मिळते. राईनपाड्याच्या वेळी तर संदेश पुढे पाठविलेला आहे, अशी खूणही त्यावर नसे. ती त्याच जुलैत आली. एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठविण्याची मर्यादाही भारतात त्याच महिन्यात जाहीर झाली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ही मर्यादा एकावर आणताच असे संदेश ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच सांगितले. याचा अर्थ स्पष्ट आहे. हा वाव कोणीतरी घडविलेला असतो आणि तो बदलता येतो. मात्र तो बदलण्याचा निर्णय कंपनीच्या कचेरीत झाला, आणि तोही माणसे मेल्यानंतर.

तथापि वाव म्हणजे प्रेरणा नव्हे. भटक्यांविषयीचा संशय फोनने निर्माण केलेला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून ब्रिटिश राजवटीने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये कायदा गेला. शिक्का पुसला गेला नाही. अफवेने त्या जुन्या संशयाला वेग दिला.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम दुहेरी आहे. कोट्यवधींच्या संभाषणाची घडण मूठभरांच्या मर्जीवर राहू नये, ती लोकप्रतिनिधींच्या व जनतेच्या चर्चेचा विषय व्हावी, ही मागणी लावून धरली पाहिजे. त्याचबरोबर पालावरचा माणूस गावाला परका वाटणार नाही, असा राबता गाव आणि पाल यांच्यात निर्माण केला पाहिजे. पहिले काम कायद्याने होईल. दुसऱ्यासाठी पालावर जावे लागेल.