ओव्या बाईच्या, सातबारा कुणाचा?

सातारा-सांगलीत धरणग्रस्त बायांच्या बैठकांना जाते तेव्हा मला कोकणातले बेने इस्रायल आठवतात. तेलाचे घाणे आणि शेती करणारे हे ज्यू शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुसंख्य इस्रायलला गेले. मराठी, मलिदा, लग्नातली मेंदी तिकडेही टिकली, ती मुख्यतः बायांमुळे. तरीही १९६० नंतर तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी त्यांची आईकडची वंशावळ तपासायला लावली. समाजाने आंदोलन केले. १९६४ साली संसदेने ते सर्वार्थाने ज्यूच असल्याचे जाहीर केले.

म्हणजे संस्कृती बाईने जपायची आणि शुद्धतेचा पुरावाही तिच्याच कुळात शोधायचा!

आपल्याकडे वेगळे काय? कोयना धरणाने उठवलेल्या पाटण-जावळीच्या बायांनी जात्यावरच्या ओव्या, देवीची ओटी नव्या गावठाणात नेली. सातबारा मात्र बहुधा पुरुषांच्या नावे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तरी ‘भावाशी नाते टिकव’ म्हणत हक्कसोडीवर तिची सही घेतात.

मैत्रिणींनो, परंपरा जरूर जपू. पण ती सांभाळणारीचे नाव जमिनीच्या कागदावरही लागले पाहिजे.