अंगणातले बल्लवाचार्य

माझा आतेभाऊ अमेरिकेत, टेक्सास राज्यात नोकरीला आहे. बेळगावात असेपर्यंत ह्या गृहस्थाने पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतल्याचे कोणाला आठवत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी सहाला त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. घरामागच्या अंगणात, कमरेला एप्रन बांधून, दादा गॅसच्या ग्रिलपुढे उभा राहून 'स्मॅश बर्गर' करीत होता. आत्या आमच्याकडेच मुक्कामाला होती. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "बघा गं, माझा लेक स्वयंपाक करतोय!" मीही टाळ्या वाजवल्या. आई भाकरी थापत होती. मान वर न करता ती एवढेच म्हणाली, "आणि तो तवा कोण घासणार?"

सगळे हसले. मीही हसलो, पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बर्गर अमेरिकेत मूळचा गोमांसाच्या खिम्याचा; दादाच्या घरी तो मेंढीच्या मटणाचा. खिम्यात पाचवा हिस्सा तरी चरबी हवी. सत्तर-ऐंशी ग्रॅमचे सैल गोळे वळायचे. मीठ आत मळायचे नाही, त्याने खिमा चिवट होतो. ते तव्यावर टाकल्यावर वरून भुरभुरायचे. ग्रिलच्या उघड्या जाळीवर हे जमत नाही, कारण पातळ मांस गजांतून निसटते आणि चरबी ठिबकून ज्वाळा उठतात. म्हणून जाळीवर बिडाचा जाड तवा ठेवून, झाकण लावून, पंधरा मिनिटे चांगला तापवायचा. (भाकरीच्या तव्याला आमच्या शेजारच्या कन्नड घरात हंचु म्हणतात, हा त्याचाच जाडजूड भाऊ.) गोळा टाकताच पहिल्या अर्ध्या मिनिटात तो वजनदार कालथ्याने चेपून सपाट करायचा. उशिरा चेपला तर वितळलेली चरबी आणि रस वाहून जातात. कडा तपकिरी व कुरकुरीत झाल्या की धारदार कालथ्याने खरवडून उलटायचा, वर चीजची चकती, आणि पावात. ह्या खरपूसपणामागची रासायनिक क्रिया माइयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली सांगितली. धूर इतका होतो की घरात केले तर धुराची घंटा वाजू लागते, म्हणून अंगण. चेपण्यापासून पावात घालण्यापर्यंत सारे मिळून चार मिनिटे.

लोक ह्याला नवे खूळ समजतात. ह्याच नावाची एक कंपनी २००७ साली डेन्व्हर शहरात निघाली, त्यामुळे तसे वाटते. पण पातळ बर्गर जुना आहे. १९२१ साली कॅन्सासमधील विचिटा येथे 'व्हाइट कॅसल' हे दुकान निघाले ते पाच सेंटांचे लहान, पातळ बर्गर विकण्यासाठीच. ओक्लाहोमातल्या एल रिनो गावी तर कांदा बारीक चिरून गोळ्यावर रचीत आणि मांसातच चेपीत. मांस महाग, कांदा स्वस्त. मंदीच्या दिवसांत थोड्या मांसात बर्गर भरल्यासारखा दिसे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही युक्ती आवडल्याखेरीज राहणार नाही.

दादा हाच कांद्याचा प्रकार करतो. त्यातली मेख अशी, की कांदा कागदासारखा पातळ हवा. जाड राहिला तर मांस होते आणि कांदा कच्चा राहतो. दहा माणसांसाठी दोन-अडीच किलो कांदा. तो त्या दिवशी कोण चिरत होते? दादाच्या खांद्यामागे स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. तिथे वहिनी उभी होती, मनगटाने डोळे पुसत. आत्याचे डोळे अभिमानाने भरले होते, वहिनीचे कांद्याने. पण फोनच्या चौकटीत मधोमध दादा होता. वहिनीही नोकरी करते, दादाइतकेच तास.

परिव्यय लेखाशास्त्रात आम्हाला शिकवतात, की यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराची मजुरी प्रत्यक्ष, आणि गोदामवाल्याची, झाडूवाल्याची अप्रत्यक्ष. पण अप्रत्यक्ष म्हणजे शून्य नव्हे! खर्चपत्रकातून झाडूवाल्याचा पगार गाळला तर सर उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढतात. मग बाजारहाट, खिमा वळणे, कांदा, पाव भाजणे, ताटल्या, आणि शेवटी तवा, हे सारे गाळून चार मिनिटांच्या चेपण्याला 'स्वयंपाक' म्हणणारा हिशेब आपण घरात कसा पास करतो?

वसतिगृहातले मित्र म्हणतात, "अरे, निदान करतो तरी!" हे मला मान्य आहे. एक गोष्ट तर दादाच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. हा बर्गर इतका पातळ असतो की पाच मिनिटांत निवतो; म्हणून एकेक करून गरमच वाढावा लागतो आणि करणारा शेवटी जेवतो. आमच्या घरातल्या पुरुषांत शेवटी जेवण्याचा अनुभव बहुधा दादानेच प्रथम घेतला असेल. पण १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन ह्या गृहस्थाने धातूचा तरंगता बोया मधोमध कापून झाकणाची गोल भट्टी बनवली, तेव्हापासून तिकडे अंगणातला विस्तव हे पुरुषाचे काम झाले आणि आतली शेगडी होती तिथेच, होती तिच्याकडेच राहिली. अंगणात पाहुणे असतात, हवा असते, शनिवार असतो. मंगळवारच्या डाळभाताला कोणी फोन लावीत नाही.

आणि तव्याचे उत्तर. बिडाचा तवा गरम असतानाच खरवडावा लागतो. मग पुसून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर गंज धरतो. निवल्यावर जळकी चरबी निघता निघत नाही. म्हणजे हे काम नेमके सगळे जेवायला बसलेले असताना येते. पुढच्या कॉलला मी दादाला विचारले. तो म्हणाला, "ते हिचं बघते ती." वहिनी काही बोलली नाही.

त्याला बोलण्याचा अधिकार यावा म्हणून त्या आठवड्यापासून आमच्या घरचा तवा मी घासायला घेतला. पहिल्याच दिवशी उत्साहाने डोशाचा बिडाचा तवा तारेने आणि साबणाने चांदीसारखा लख्ख केला. दुसऱ्या दिवशी एकही डोसा सुटेना. आईने मला बरेच काही ऐकवले, आणि शेजारच्या अज्जींनी तेच कन्नडमधून पुन्हा एकदा.