रात्री आठनंतर हाक कोणाला मारायची?

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका सभासदाचे वडील दिवेलागणीला गाझियाबादच्या घरातून बाहेर पडले. रेल्वे डाक सेवेत उभा जन्म रात्रपाळी केलेला माणूस. "मेल चुकेल" म्हणत पिशवी घेऊन निघाले ते पहाटे जुन्या दिल्लीच्या फलाटावर सापडले. नाव सांगता येईना. एका हमालाने चहा पाजला आणि खिशातल्या पेन्शनच्या पासबुकावरून घरचा पत्ता काढला. नशीब बलवत्तर, एवढेच.

स्मृतिभ्रंश हा म्हातारचळ नव्हे, मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढील शंभरांत सात जणांना तो आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. शाखा सचिवांनी आपल्या निवृत्तांच्या यादीला हा हिशेब लावून पाहावा.

या आजारात पुष्कळांची अस्वस्थता नेमकी संध्याकाळी वाढते. ज्येष्ठांसाठीची सरकारी एल्डरलाइन, १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ चालते! गाड्या आणि टपाल रात्रभर चालवणाऱ्या आम्हाला हे वेळापत्रक समजत नाही. २०२२ साली सुरू झालेली टेली-मानस सेवा, १४४१६, चोवीस तास आहे, हे खरे. पण फोनवर धीर मिळतो. घरी माणूस येत नाही.

माणूस एकाएकी बिघडला, बरळू लागला, तर पुष्कळदा मागे लघवीचा संसर्ग, पाण्याची कमतरता किंवा नवे औषध असते. त्यावर उपाय आहे. तरीही एका इस्पितळात आमच्या सभासदाला "वय झाले, घरी न्या" हेच ऐकावे लागले.

आणि सांभाळणाऱ्याचे काय? बहुतेक घरांत हा भार पत्नीवर किंवा सुनेवर पडतो. मुलांसाठी महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, ती लढून टिकवलीच पाहिजे. आईवडिलांसाठी मात्र वेगळी रजा नाही. २०२५ च्या जुलैत राज्यसभेत सरकारने सांगितले, की अर्जित, अर्धपगारी व नैमित्तिक रजा त्यासाठी घेता येतात. ती तर आमची नेहमीचीच रजा. यात नवे काय दिले?

रेल्वे सुरक्षा दल हरवलेल्या मुलांसाठी 'नन्हे फरिश्ते' आणि संकटातील प्रौढांसाठी 'डिग्निटी' मोहीम चालवते. परंतु भांबावलेला म्हातारा दिसला तर त्याला कुठे न्यायचे, हे फलाटावरच्या कामगाराला कोणी शिकवलेले नाही.

आमची मागणी अशी: एल्डरलाइन रात्रभर चालू ठेवा, रेल्वे इस्पितळांच्या अपघात विभागात या रोग्यांसाठी प्रशिक्षित माणूस प्रत्येक पाळीत द्या, स्थानक कर्मचाऱ्यांना तासाभराचे शिक्षण द्या, पालकसंगोपन रजा द्या. संयुक्त सल्लागार यंत्रणेच्या बैठकीत हा विषय आमच्या प्रतिनिधींनी मांडावा. तोवर ज्या घरी असा रोगी आहे, त्यांनी त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आत घरचा फोन नंबर शिवून ठेवावा.