वजनकाट्याला विचारू नये असा प्रश्न

जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जगभरातील शारीरिक निष्क्रियतेचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील भारताचे आकडे देशातील बहुतेक वृत्तपत्रांनी ठळकपणे छापले. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे तीव्र हालचाल हा किमान निकष मानला, तर २०२२ मध्ये जवळपास निम्मे भारतीय प्रौढ त्याच्या खाली होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते, पुरुषांमध्ये ४२. या बातमीला जोडून जे लेख आले, त्यांपैकी बहुतेकांनी एकच प्रश्न हाताळला: वजन कमी करण्यासाठी कोणता व्यायाम सर्वोत्तम? वर्षानुवर्षे तोच प्रश्न विचारला जातो आणि वर्षानुवर्षे त्याची उत्तरे बदलत राहतात. उत्तरे सतत बदलत असतील, तर दोष प्रश्नाच्या मांडणीत आहे का, हे एकदा तपासून पाहायला हवे.

हा प्रश्न रोज नव्याने विचारला जाणारे एक ठिकाण म्हणजे चेन्नईच्या दक्षिणेकडचे शोळिंगनल्लूर. जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरचा हा माहिती तंत्रज्ञानाचा पट्टा. नागपूर, सातारा, पुण्याहून आलेली मराठी तरुण मंडळीही येथे थोडी नाहीत. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत, येण्याजाण्याचा वेळ वाहनात आणि रात्रीचे जेवण फोनवरून मागवलेले. वजन पाच-सहा किलोंनी वाढले की व्यायामशाळेचे वार्षिक शुल्क भरले जाते, धावपट्टीवरच्या यंत्रात लाल आकडे चढत जातात आणि तीन महिन्यांनी वजनकाटा जवळजवळ तेथेच असतो. मग दोष इच्छाशक्तीला दिला जातो.

हिशेब साध्या भौतिकीचा आहे. सत्तर किलो वजनाचा माणूस दहा मजले, म्हणजे सुमारे ३० मीटर, जिना चढला तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध होणारे कार्य सुमारे २०,६०० जूल, म्हणजे फक्त ५ किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता साधारण एक चतुर्थांश धरली, तर शरीराला त्यासाठी २० किलोकॅलरी मोजाव्या लागतात. चहाच्या एका चमचाभर साखरेत साधारण तेवढीच ऊर्जा असते. दहा मजल्यांनी एक चमचा फिटतो. फिल्टर कॉफीत मात्र बहुधा दोन असतात. ताशी ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालले तर स्वस्थ बसण्यापेक्षा ८०-८५ किलोकॅलरी अधिक खर्च होतात. आठवड्यातील पाच दिवस, वर्षभर, खंड न पडता हे केले आणि आहार कणभरही वाढला नाही, तर सुमारे २२,००० किलोकॅलरी होतात. एक किलो मेद म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. म्हणजे वर्षाकाठी तीन किलोंहूनही कमी, आणि तेही कागदावर. प्रत्यक्षात भूक वाढते, उरलेल्या दिवसात नकळत हालचाल कमी होते, आणि हरमन पॉन्टझर यांच्यासारख्या संशोधकांच्या मते शरीर इतर कामांवरचा खर्चही आखडता घेते. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने टांझानियातील हाड्झा या शिकार करून, कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या समाजाचा दैनंदिन ऊर्जाव्यय मोजला. शरीराचा आकार लक्षात घेता तो पाश्चात्त्य शहरवासीयांपेक्षा लक्षणीय वेगळा निघाला नाही.

चेन्नईच्या मे महिन्यात धावून आल्यावर काट्यावर एक किलो कमी दिसतो, तो तर निव्वळ घामाचा. एक लिटर घाम पूर्ण बाष्पीभूत झाला तर सुमारे २४ लाख जूल उष्णता शरीराबाहेर नेतो. दमट हवेत मात्र तो बाष्प न होता ठिबकत राहतो, म्हणजे शरीर थंडही होत नाही आणि मेदही जळत नाही. दोन ग्लास पाणी प्यायले की तो किलो परत येऊ लागतो. घाम म्हणजे वितळलेली चरबी, ही समजूत इतकी चिवट का आहे, हा मानसशास्त्रज्ञांचा विषय असावा.

याचा अर्थ व्यायाम व्यर्थ आहे असा मुळीच नाही, आणि याचा सर्वात भक्कम पुरावा चेन्नईतच तयार झाला आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी केलेला भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम २००६ मध्ये ‘डायबेटोलॉजिया’त प्रसिद्ध झाला. रक्तशर्करेचे नियमन बिघडू लागलेल्या, पण मधुमेह न झालेल्या ५३१ जणांचे चार गट केले गेले. एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला आहार आणि हालचालीत बदल, तिसऱ्याला मेटफॉर्मिन, चौथ्याला दोन्ही. बैठे काम करणाऱ्यांना सांगितलेला व्यायाम एवढाच: रोज किमान अर्धा तास भरभर चालणे. तीन वर्षांत पहिल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, जीवनशैली बदललेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना. आणि त्यांचे वजन? ते जवळपास होते तेथेच राहिले. वजनकाट्याने या लोकांना अपयशी ठरवले असते. त्यांच्या स्वादुपिंडाने आणि स्नायूंनी वेगळा निकाल दिला.

वजन हे मोजमापच भारतीय शरीरासाठी कसे अपुरे आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्रातून दाखवले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे दिसतात. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून मेदयुक्त आणि स्नायूंच्या बाबतीत दरिद्री, असा हा देह. शोळिंगनल्लूरच्या कार्यालयात ‘मला व्यायामाची गरज नाही, मी बारीक आहे’ असे म्हणणारा तरुण कदाचित शेजारच्या स्थूल सहकाऱ्याइतकाच जोखमीत असतो. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरवली आहे. दहा रुपयांची शिंप्याची टेप येथे काट्यापेक्षा जास्त सांगते.

असे असता, निवड कशाची करावी? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०१२ मध्ये बैठ्या जीवनाच्या स्थूल प्रौढांवर आठ महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. चालणे-धावणे या प्रकाराने मेद अधिक घटला. वजने उचलण्याने मेद फारसा हलला नाही, पण स्नायू वाढले. दोन्ही करणाऱ्यांना दोन्ही मिळाले, मात्र वेळ दुप्पट द्यावा लागला. अल्पकाळ अतितीव्र व्यायामाचा सध्या गाजावाजा आहे. मेद घटवण्यात तो संथ व्यायामापेक्षा ठळकपणे सरस ठरलेला नाही, वेळ मात्र वाचवतो. यातून एवढेच ठरते की वजन उतरवण्याचे मुख्य काम ताटात होते. व्यायामाचे काम उतरलेले वजन परत चढू न देणे, आणि स्नायू राखणे. ज्यांच्या शरीरात स्नायू आधीच कमी, त्यांनी आठवड्यातून दोन दिवस भाराचा व्यायाम टाळणे म्हणजे अर्धा उपचार सोडून देणे. जोर आणि बैठका यांना कोणतेही शुल्क लागत नाही, आणि त्या आपल्याकडे तालमीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. गुडघे दुखत असतील किंवा हृदयविकार असेल त्याने अर्थातच वैद्यकीय सल्ल्यानेच सुरुवात करावी.

२०२५ पासून भारतीय बाजारात आलेल्या टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांनी हा मुद्दा अधिक तातडीचा केला आहे. या औषधांनी वजन खरोखर उतरते, पण उतरलेल्या वजनात स्नायूंसह मेदेतर ऊतींचाही मोठा वाटा असतो. याज्ञिक यांच्या छायाचित्रातील देहाला तो तोटा युडकिन यांच्या देहापेक्षा महागात पडेल. इंजेक्शन घेणाऱ्याने व्यायाम सोडला तरी चालेल, असे जे बोलले जाते ते नेमके उलटे आहे.

आता मूळ बातमीकडे. निष्क्रियतेचे आकडे आले की व्यक्तीला उपदेश सुरू होतो. आयसीएमआर-इंडिॲब या सर्वेक्षणाच्या २०१४ च्या निबंधानुसार विरंगुळ्यासाठी कोणतीही शारीरिक हालचाल न करणारे लोक तमिळनाडूत ९३.१ टक्के आणि महाराष्ट्रात ९१.३ टक्के होते. दहांतील नऊ माणसे आळशी असतात, हे स्पष्टीकरण कोणाही अभ्यासकाला संशयास्पद वाटायला हवे. शोळिंगनल्लूरमध्ये संध्याकाळी चालायला निघालेल्या माणसाला मेट्रोच्या बांधकामाचे अडथळे, दुचाकींनी अडवलेले पदपथ आणि अंधारे आडरस्ते ओलांडावे लागतात. समुद्रकिनारा काही किलोमीटरवर, पण तेथवर चालत जाण्याचा विचार स्त्रियांनी तर सोडूनच द्यावा अशी वाहतूक. स्त्री-पुरुषांतील ते १५ टक्क्यांचे अंतर इच्छाशक्तीच्या वाटपातून आलेले नाही.

याला उलटा दाखलाही त्याच शहरात आहे. डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने चेन्नईत केलेल्या लोकसंख्या सर्वेक्षणात तिरुमंगलमच्या एशियाड कॉलनीतील मध्यमवर्गीय रहिवाशांना त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण सांगितले गेले. रहिवाशांनी स्वतः पैसे उभे करून वसाहतीत एक उद्यान बांधले. व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण आधी १४.२ टक्के होते. नंतरच्या पाहणीत ते ५८.७ टक्के झाले. कोणती व्यायामपद्धती निवडावी यावर तेथे वाद झाल्याची नोंद नाही. घरापासून पायी पोहोचता येईल असा एक सुरक्षित वळसा तयार झाला आणि लोक त्यावर चालू लागले.