जुने किट, नवा साज

१९७० साली ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने स्पिटफायर या लढाऊ विमानाचे एक भलेमोठे किट बाजारात आणले. तोवर दुकानात मिळणारी प्लास्टिकची बहुतेक विमाने तळहातावर मावतील एवढीच असत. हे किट मात्र मूळ विमानाच्या चोविसाव्या हिश्शाएवढे होते. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे मॉडेलचे पंख जवळजवळ ४७ सेंटिमीटर भरतात. शिवाय नाकाच्या आवरणाखाली मर्लिन इंजिन, वैमानिकाची बैठक, पंखांतल्या बंदुका असा सारा संसार त्यात होता. मोठ्या मॉडेलांच्या छंदात हे किट अभिजात मानले जाते.

आपल्याकडे मॉडेल विमान म्हटले की एनसीसीच्या हवाई शाखेतली उडणारी विमाने आठवतात. हा छंद त्याहून वेगळा आहे. हे विमान उडत नाही. चौकटीला जोडलेले प्लास्टिकचे सुटे भाग कापून, घासून, चिकटवून आणि रंगवून ते घडवायचे आणि कपाटात मांडायचे. त्यात कौशल्य आहे ते हुबेहूबपणाचे.

आणि नेमके येथेच जुने किट कमी पडते. साच्यात ओतलेले प्लास्टिक फार पातळ करता येत नाही. किटच्या पत्र्याची जाडी १ मिलिमीटर धरली, तर चोवीसपटीच्या हिशेबाने ती खऱ्या विमानावर २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच होते! एवढ्या जाड पत्र्याचे विमान धावपट्टीवरून उठणार तरी कसे? वैमानिकाचे पट्टेही प्लास्टिकमध्ये ओतले की दोरखंडासारखे दिसतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी आता एक स्वतंत्र उद्योगच उभा राहिला आहे. किट एका कंपनीचे, तर सजावटीचे जादा भाग दुसऱ्याच कंपनीचे. चेक प्रजासत्ताकातली, १९८९ साली सुरू झालेली एडुआर्ड ही त्यांतली एक नावाजलेली कंपनी. पितळेच्या कागदासारख्या पातळ पत्र्यावर नक्षी उमटवून नको तो भाग रसायनाने विरघळवला, की पट्टे, बकला, कळफलक यांचे नाजूक तुकडे तयार होतात. चाके आणि आसने रेझिनची मिळतात, तर बंदुकांच्या नळ्या लेथवर कातलेल्या पितळेच्या.

साहजिकच मोह सुटत नाही. आधी पट्टे येतात, मग आसन, मग चाके, मग इंजिनाच्या नळ्या. जादा भागांची किंमत बघता बघता मूळ किटच्याही पुढे जाते. पैशांचे एक वेळ सोडा, खरा तोटा निराळाच असतो. प्रत्येक सुधारणेसाठी जुना भाग कापावा लागतो. एक जागा नीटनेटकी झाली की शेजारची ओबडधोबड वाटू लागते. अशा रीतीने हौशी माणसांची कितीतरी विमाने अर्धवट अवस्थेत खोक्यात जातात आणि वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहतात.

वाटाण्याच्या डाळीचा धडा

मग कुठे थांबायचे? याचे उत्तर खुद्द स्पिटफायरच्या जन्मकथेत सापडते. हे विमान प्रथम ५ मार्च १९३६ रोजी उडाले. ते बनवणाऱ्या सुपरमरिन कंपनीपुढे रिव्हेटचा प्रश्न होता. पत्र्याशी सपाट बसणारे रिव्हेट वाऱ्याला अडवत नाहीत, पण ते बसवायला वेळ आणि पैसा फार लागतो. घुमटाकार डोक्याचे रिव्हेट स्वस्त, पण ते वेग खातात. मग अभियंत्यांनी एक गमतीदार युक्ती केली. प्रत्येक सपाट रिव्हेटवर वाटाण्याच्या डाळीचा एकेक दाणा चिकटवला आणि विमान उडवले. वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरने घटला. मग एकेक ओळ खरवडत पुन्हा पुन्हा उड्डाणे केली. कुठल्या जागी सपाट रिव्हेट हवेतच आणि कुठे साध्यावर भागते, हे त्यातून कळले. म्हणूनच सुरुवातीच्या स्पिटफायरचे पंख गुळगुळीत, तर धडाच्या मागच्या भागावर मात्र घुमटाकार रिव्हेट दिसतात.

मॉडेल बनवणाऱ्यानेही हाच हिशेब मांडावा. फरक एवढाच, की तेथे कसोटी वेगाची होती, येथे नजरेची आहे. तयार विमान कपाटात ठेवल्यावर जे दिसेल, त्यावरच मेहनत करावी.

कोणता भाग घ्यावा, कोणता टाळावा?

वैमानिकाची बैठक : छत उघडे ठेवले तर नजर प्रथम येथेच जाते. पट्टे आणि मापकांची पाटी यांवर केलेला खर्च वाया जात नाही.

इंजिन : आधी आवरण उघडे ठेवायचे की बंद, हे ठरवावे. बंद ठेवायचे असेल तर इंजिनासाठी एकही जादा भाग घेऊ नये. उघडे ठेवायचे असेल तर मर्लिनच्या बारा सिलिंडरना प्रत्येकी दोन असे चोवीस स्पार्क प्लग असतात, हे ध्यानात ठेवावे. त्यांच्या तारांसाठी विजेच्या टाकाऊ वायरमधले तांब्याचे केसासारखे तंतू उत्तम.

बंदुका : या स्पिटफायरमध्ये आठ ब्राउनिंग मशीनगन पंखांत बसवलेल्या असत. थंडी आणि धूळ आत शिरू नये म्हणून उड्डाणापूर्वी त्यांच्या तोंडांवर लाल कापडाचे तुकडे चिकटवत. म्हणजे महागड्या पितळी नळ्यांऐवजी लाल रंगवलेल्या पातळ कागदाचे तुकडेही चालतात, आणि तेच अधिक खरे दिसतात.

रिव्हेट : त्या काळातल्या किटवर ते उठावाचे असत. पंखांवरचे बारीक पॉलिश कागदाने पाण्यात घासून उतरवावेत. धडाच्या मागच्या भागावरचे तसेच राहू दिले तरी चालते.

चाके : विमानाचे वजन पडल्याने टायर जमिनीपाशी किंचित दबतो. रेझिनच्या चाकांत हा दाब दाखवलेला असतो. खर्च थोडा, परिणाम मोठा.

हात घालण्यापूर्वी

प्लास्टिकचा सिमेंट प्लास्टिक विरघळवून सांधा धरतो. पितळ आणि रेझिन त्याने चिकटत नाहीत. त्यांना सुपर ग्लू किंवा इपॉक्सीच हवे. पितळ वाकवताना तुटत असेल तर सोनार आणि तांबट जे करतात तेच करावे : तुकडा ज्योतीवर तापवून थंड होऊ द्यावा. तो नरम होतो.

रेझिनची भुकटी फुप्फुसाला अपायकारक असते. म्हणून ते नेहमी ओले करूनच घासावे आणि तोंडावर मास्क लावावा. हे काम स्वयंपाकघरात आणि लहान मुलांच्या जवळ करू नये. जुन्या किटमधली चिन्हांची चिकटचित्रे पिवळी पडली असतील, तर खिडकीच्या काचेला आतून लावून काही दिवस ऊन दाखवावे. पिवळेपणा बराच कमी होतो.

दिल्लीला गेल्यास पालमच्या हवाई दल संग्रहालयातले स्पिटफायर जरूर पाहावे. मात्र ते नंतरच्या काळातले आहे, त्याचे नाक पाहून या किटला कात्री लावू नये.

चिन्हे कोणाची?

शेवटी प्रश्न उरतो तो चिन्हांचा. बहुतेक जण खोक्यावरच्या चित्राप्रमाणेच विमान रंगवतात. पण सुटी चिन्हे घेतली तर निवडीला वाव मिळतो. ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव होते, कारण तिच्यासाठी निजामाने देणगी दिली होती. तिच्या बोधचिन्हातही निजामाचे शिरोभूषण आहे. १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये ही स्क्वाड्रन डॉर्सेटमधल्या वॉर्मवेल येथून स्पिटफायर घेऊनच लढली. तिच्या विमानांच्या धडावर ‘यूएम’ ही इंग्रजी अक्षरे असत. आजचा मराठवाडा त्या वेळी याच हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, परभणी, नांदेडचे नाते त्या दूरच्या आकाशाशी असे जुळते. दोन अक्षरांचा हा बदल कोणत्याही पितळी तुकड्यापेक्षा स्वस्त पडतो, आणि घरी आलेल्या पाहुण्याला सांगायला एक गोष्टही मिळते.

२०२२ मध्ये एअरफिक्सने याच प्रमाणात स्पिटफायरच्या नंतरच्या आवृत्तीचे अगदी नवे किट काढले. तरीही ज्यांच्या माळ्यावर जुने खोके आहे, त्यांनी ते मोडीत काढू नये. खाली उतरवावे, भाग मोजावेत, जादा भागांची यादी करावी आणि त्या यादीतली निम्मी नावे खोडावीत. उरलेल्यांच्या बळावर विमान पुरे होईल आणि ते कपाटात उभे राहिलेले घरच्यांनाही पाहायला मिळेल.