बैलाला चांद्या, बाईला कोड

पांढऱ्या डागाला आमच्याकडं नावं फार. बैलाच्या कपाळावर असला तर बैल चांद्या. घोड्याचे चारी पाय आणि कपाळ पांढरं असलं तर तो पंचकल्याणी; सारंगखेड्याच्या यात्रेत असल्या जनावराला गिऱ्हाईक आपणहून येतं. तोच डाग बाईच्या ओठाला उमटला की त्याला म्हणायचं कोड. ते पण आवाज खाली आणून.

शब्दच मुळात वाकडा. संस्कृतातलं कुष्ठ झिजत झिजत कोड झालं. हिंदीत कोढ म्हणजे आजही महारोग. मराठीनं महारोगाला नाव वेगळं दिलं, पण कोडाला चिकटलेली जुनी भीती काही सुटली नाही. महारोग जंतूनं होतो. हॅन्सननं तो १८७३ साली शोधला. त्याच्या चट्ट्यावर टाचणी टोचली तर बहुधा कळत नाही. कोडावर टोचून बघा, माणूस कळवळेल. तिथं फक्त कातडीला रंग देणाऱ्या पेशी गेलेल्या असतात. जंतू नाही, लागण नाही. एका ताटात जेवा, काही होत नाही.

माझ्या थोरल्या आत्याच्या हातांवर डाग होते. दूध नि मासे एकदम खाल्ले म्हणून झालं, असं गाव म्हणायचं. आमच्या माळावर मासळी म्हणजे बाजारातले सुके बोंबील, ते पण सणावारासारखे! पण लोकांना कारण लागतं. हळदीकुंकवात तिच्या बोटानं कुंकू लावून घ्यायचं नाही. कापूस वेचायला मात्र तीच पाहिजे, कारण तिची ओटी सगळ्यांच्या आधी भरायची. तवा बरा चालतो हात, असं मी बोललो तर शेजारची काकू म्हणाली, "गप रं, तुला काय कळतंय बायकांतलं."

शिकलेल्यांचं तर विचारूच नका. मुलगी बघायला येतात, डिग्री विचारतात, पगार विचारतात, आणि चहाचा कप घेताना नजर मनगटावर. म्हणून घरचे बाह्या लांब शिवतात. पुढं डाग दिसला की "फसवलं" म्हणून पोर माघारी. नवऱ्याच्या मांडीवर असला तर? तो विजारीत झाकला जातो, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही.

महारोगसुद्धा घटस्फोटाच्या कारणांतनं कायद्यानं २०१९ साली काढून टाकला. गावाच्या यादीत कोड अजून आहेच.

आणि याच मराठीत लाडालाही कोड म्हणतात. लेकीचे कोड पुरवावेत म्हणे. आत्याचे कुणी पुरवले नाहीत. तिच्या दावणीच्या चांद्याला मात्र पोळ्याला झूल असायची, शिंगांना रंग असायचा.