शिक्षण मध्येच सुटलं, आता परत यायचंय : वय आडवं येत नाही, मग अडतं कुठे?

समजा, एक मुलगा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एस.वाय. बी.कॉम.ला होता. घरचं उत्पन्न थांबलं, तो डिलिव्हरीच्या कामाला लागला आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. आज तो पंचविशीत आहे. सुपरवायझरची जागा निघते, पण पात्रतेत 'पदवीधर' लिहिलेलं असतं. पुन्हा शिकावं असं त्याच्या मनात येतं आणि पहिला प्रश्न पडतो, 'आता वय निघून गेलं का?'

उत्तर आहे, नाही. त्याने विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे : आधी जे शिकलो, त्यातलं किती धरलं जाईल?

क्रेडिट बँक कुणासाठी?

नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षण मध्येच थांबवण्याची आणि परत येण्याची सोय आहे. एक वर्ष पूर्ण केलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी. सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांत परतता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मिळवलेले क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात.

ऐकायला छान आहे. पण या बँकेत २०२१-२२ पासूनचेच क्रेडिट जमा होतात. म्हणजे लॉकडाऊनमध्ये ज्यांचं कॉलेज सुटलं, त्यांचं खातं रिकामंच. ज्यांना या सोयीची सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्यानंतर ती आली.

मग जुन्या वर्षांचं काय?

यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पदवीचा ठरलेला कालावधी अधिक दोन वर्षं इतकी मुदत साधारणपणे मिळते. तीन वर्षांच्या पदवीला पाच वर्षं. त्यानंतर अभ्यासक्रमही बदललेला असतो आणि जुन्या एटीकेटीचे पेपर निघणंही बंद होऊ शकतं. काही विद्यापीठं अशा विद्यार्थ्यांसाठी अधूनमधून विशेष संधीची परीक्षा घेतात. त्यामुळे नवीन प्रवेश घेण्याआधी जुन्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चौकशी करणं फायद्याचं. तिथे 'हो' आलं तर दोन वर्षं वाचू शकतात.

'नाही' आलं तर मुक्त विद्यापीठ आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून, तर इग्नू १९८५ पासून हेच काम करतंय. २०२०-२१ मध्ये देशात ४५ लाखांहून अधिक विद्यार्थी दूरशिक्षणातून शिकत होते. 'बाहेरून केलेली डिग्री चालत नाही' हा समज अजूनही आहे. पण मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

मान्यताप्राप्त हा शब्द महत्त्वाचा. 'एका वर्षात डिग्री' अशा जाहिराती नेमक्या याच वयाच्या मुलामुलींना गाठतात. पैसे भरण्याआधी संस्थेचं आणि कोर्सचं नाव यूजीसीच्या वेबसाइटवर आहे का, ते बघायला पाच मिनिटं लागतात.

दहावी-बारावीच राहिली असेल तर?

दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला, राज्य मंडळाचा '१७ नंबरचा फॉर्म'. शाळेत न जाता परीक्षा देता येते. पण बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी हा फॉर्म आदल्या वर्षीच भरावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला शोधण्यात मुदत गेली की वर्ष गेलं.

दुसरा, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. इथे कमाल वयाची अट नाही. वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. दुसऱ्या बोर्डात पास झालेले दोन विषय नियमांनुसार पुढे नेता येतात, म्हणजे सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही.

दहावी झालीय पण कॉलेज नको असेल, तर आयटीआय आहे. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो.

खरी अडचण कुठे आहे?

महाराष्ट्राला हे नवीन नाही. दिवसा राबणाऱ्यांसाठी जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्येच रात्रशाळा सुरू केली होती. शिकणाऱ्याच्या वेळेप्रमाणे शाळा, हा विचार तेव्हाचा.

आज रस्ते अनेक आहेत, पण प्रत्येक रस्त्याची खिडकी वेगळी, मुदत वेगळी, कागद वेगळे. बारा तास काम करणाऱ्याला त्यासाठी सुट्टी टाकावी लागते आणि सुट्टी म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. शिवाय २०२१ च्या आधी पास केलेल्या पेपरांचं काय करायचं, हे ज्या त्या विद्यापीठावर सोडलेलं आहे. तोवर परत येणाऱ्याने पहिला कागद मागायचा तो जुन्या मार्कशीटचा. त्यावरचे पास विषय किती धरले जातील, यावरच ठरतं की पदवी एका वर्षावर आहे की तीन.